अंडं वाळतं, पिल्लू वाढतं

शिळं अंडं ओळखायची युक्ती तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पातेल्यात पाणी घ्यायचं आणि अंडं त्यात अलगद सोडायचं. ताजं असेल तर ते तळाशी आडवं पडून राहतं. थोडं जुनं असेल तर बोथट टोक वर करून उभं राहतं. आणि फारच जुनं असेल तर चक्क तरंगतं!

पण का? अंड्याला झाकण नाही, बूच नाही, कुठे चीर गेलेली नाही. मग ते हलकं झालं कसं?

त्यातलं पाणी वाफ होऊन हळूहळू बाहेर गेलं, आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढी हवा आत शिरली. ही हवा बोथट टोकाशी साठते. उकडलेलं अंडं सोलताना त्या टोकाला एक खळगा दिसतो ना? तीच ती जागा. खायच्या अंड्यात ती फार मोठी झाली की आपण नाक मुरडतो. पण ज्या अंड्यात पिल्लू वाढतंय, त्यात ती मोठी झाली नाही तर पिल्लाचं बाहेर येणंच अवघड होऊन बसतं. घरी मशीनमध्ये अंडी उबवणाऱ्यांची निम्मी धडपड यासाठीच चाललेली असते. अंड्यातलं पाणी जाऊ द्यायचं, पण नेमकं हवं तेवढंच.

दहा हजार भोकं

कोंबडीच्या अंड्याचं कवच असतं जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर जाड. त्याला किती भोकं असतील? अंदाज करा. शंभर? पाचशे? साधारण 10,000! नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाहीत. बोथट टोकाकडे ती जास्त दाट असतात. त्यांच्यातून प्राणवायू आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर येते.

आता विचार करा. आतल्या पिल्लाची फुप्फुसं अजून चालू झालेली नाहीत. छाती वर-खाली होत नाही. मग हवा आत ओढतं कोण? कोणीच नाही! एखादा वायू जिथे जास्त असतो तिथून जिथे कमी असतो तिकडे आपोआप सरकतो. कवचाच्या आतल्या बाजूने रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला एक पातळ पापुद्रा पसरलेला असतो. आत आलेला प्राणवायू तो टिपून घेतो आणि पिल्लाच्या रक्तात पोचवतो.

याचा चोख हिशोब मांडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होते हरमन राह्न. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरून विमान चालवणाऱ्या वैमानिकांच्या श्वासोच्छ्वासाचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे ते वळले अंड्याच्या श्वासाकडे! अमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1979 साली अंडी श्वास कसा घेतात यावर एक सुंदर लेख लिहिला. त्यातला हिशोब असा: उबवणीच्या 21 दिवसांत कोंबडीचं एक अंडं सुमारे 6 लिटर प्राणवायू आत घेतं आणि सुमारे साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड व 11 लिटर वाफ बाहेर टाकतं.

11 लिटर! एवढ्याशा अंड्यातून? घाबरू नका, ही वाफ आहे. तिचं पाणी केलं तर ते भरेल साधारण 9 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. पण 60 ग्रॅमच्या अंड्यातून दोन चमचे पाणी जाणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

पाणी जायलाच हवं!

तुम्ही म्हणाल, पिल्लाला पाणी लागतंच की. मग ते घालवायचं कशाला?

पहिलं कारण मोठं मजेशीर आहे. अंड्यात पाणी नव्याने तयार होतं! पिल्लाला वाढायला ताकद मिळते ती मुख्यतः पिवळ्या बलकातल्या चरबीतून. शरीरात चरबी ‘जळते’ तेव्हा तिच्यातून पाणी निर्माण होतं. 1 ग्रॅम चरबी जळली की जवळजवळ 1 ग्रॅम पाणी. म्हणजे एकीकडे पिल्लू बलक संपवतंय आणि दुसरीकडे अंड्यात पाण्याची भर पडतेय. हे जादा पाणी बाहेर गेलं नाही, तर पिल्लू सुजल्यासारखं, थुलथुलीत होतं. ताज्या अंड्याच्या आत पाऊण भाग पाणी असतं. आणि 21 दिवसांनी? तेव्हाही पाण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच! भोकांतून जाणारी वाफ हा तोल सांभाळते.

दुसरं कारण म्हणजे पहिला श्वास. 21 दिवस होत आले की पिल्लाने अंड्यातली सगळी जागा व्यापलेली असते. रिकामा असतो तो फक्त बोथट टोकाचा हवेचा कप्पा. साधारण 19व्या-20व्या दिवशी पिल्लू आतल्या पापुद्र्याला टोचा मारतं, चोच त्या कप्प्यात घालतं आणि आयुष्यात पहिल्यांदा फुप्फुसांनी हवा घेतं. कवच फुटायला अजून कित्येक तास असतात. तोवर ही एवढीशी हवाच त्याच्या कामी येते. अंड्यातलं पाणी पुरेसं गेलं नसेल, तर कप्पा छोटा राहतो आणि पिल्लू आतच गुदमरतं.

मग भरपूर पाणी जाऊ द्यावं का? छे! जास्त गेलं तर पिल्लू अशक्त होतं, आतले पापुद्रे कोरडे पडतात आणि त्याला अंड्यात वळताच येत नाही. अंड्याचं वजन पहिल्या 18 दिवसांत साधारण 11 ते 13 टक्क्यांनी कमी व्हावं, हे उत्तम.

कोंबडीचं काम मशीनकडे

खुडूक कोंबडीला यातलं काही शिकवावं लागत नाही. पोटाखालची पिसं विरळ झालेली असतात, तिथली उघडी गरम कातडी ती अंड्यांना लावून बसते. मधूनमधून चोचीने अंडी फिरवते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, दाणापाणी घेते आणि लगबगीने परत येते. तिच्या अंगाखालची हवा ना फार कोरडी होते, ना फार ओली.

मशीनमध्ये हे सगळं आपल्याला करावं लागतं. मशीन म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. बरेच जण थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून ते घरीच तयार करतात. (विजेच्या जोडणीचं काम मात्र मोठ्या माणसांनीच करायचं बरं का!) थर्मोस्टॅट बल्ब चालू-बंद करतो आणि आतलं तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. अंडी रोज तीन ते पाच वेळा फिरवायची, नाहीतर वाढणारं पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं.

अंडी कुठली घ्यायची? किराणा दुकानातली चालणार नाहीत. ती येतात मोठ्या पोल्ट्रीतून. तिथे कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, म्हणून त्या अंड्यांत पिल्लू धरतच नाही. ज्यांच्याकडे गावठी कोंबड्या आणि कोंबडा दोन्ही आहेत, त्यांच्याकडून ताजी अंडी आणावीत. आणि हो, ती धुवायची नाहीत! कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. धुतलं की तो निघून जातो, मग भोकांतून जंतू आत शिरायला मोकळे.

राहिली हवेतली वाफ, म्हणजे आर्द्रता. ती मोजायला आर्द्रतामापी, म्हणजे हायग्रोमीटर लागतो. छोटा डिजिटल हायग्रोमीटर खोक्यात अंड्यांच्या उंचीवर ठेवायचा. पहिले 18 दिवस त्यावर 45 ते 55 टक्के दिसायला हवेत आणि शेवटचे 3 दिवस 65 ते 70. हे आकडे तुम्हाला कोणीही सांगेल. पण भांड्यात पाणी किती ठेवायचं, याचं एकच उत्तर कोणालाही देता येणार नाही. कारण ते ठरतं तुम्ही राहता कुठे आणि महिना कोणता, यावर!

रत्नागिरीचा जुलै, नाशिकचा जानेवारी

एक कोडं घाला मित्रांना. नाशिकमध्ये जानेवारीतली पहाट आहे. बाहेर 12 अंश तापमान, हवेची आर्द्रता 80 टक्के. रत्नागिरीत जुलैमधली दुपार आहे. 28 अंश तापमान, आर्द्रता 85 टक्के. दोन्ही ठिकाणी ही बाहेरची हवा मशीनमध्ये घेतली. भांड्यात पाण्याचा थेंब नाही. आत आर्द्रता किती दिसेल?

80 आणि 85 तर जवळजवळ सारखेच! मग मशीनमध्येही सारखंच दिसणार, नाही का?

मुळीच नाही. रत्नागिरीच्या मशीनमध्ये दिसेल सुमारे 50 टक्के. आणि नाशिकच्या? फक्त 17-18!

याचं गुपित असं. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. 12 अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम 10-11 ग्रॅम वाफ मावते. 37.5 अंशांना मावते 45 ग्रॅमच्या आसपास. आणि हायग्रोमीटरवरचे टक्के म्हणजे ‘जेवढी वाफ मावली असती, त्यातली किती आहे’ हे प्रमाण. काठोकाठ भरलेला तांब्या घागरीत ओता. पाणी तेवढंच, पण घागर जवळपास रिकामीच दिसेल. नाशिकच्या थंड हवेतली थोडीशी वाफ मशीनमध्ये आली, तिथे हवा गरम झाली, आणि भरलेला तांब्या घागरीत गेला! रत्नागिरीची हवा मुळातच गरम, तिच्यात वाफही भरपूर. म्हणून तिथे पावसाळ्यात पहिले 18 दिवस पाण्याचं भांडं न ठेवताही भागू शकतं. नाशिकच्या थंडीत मात्र पाण्याशिवाय अंडी सुकून जातील.

विदर्भातल्या उन्हाळ्यात तर हवा तापलेलीही असते आणि कोरडीही. तिथे पाणी भराभर आटतं. शिवाय खोलीतच 38-40 अंश झाले तर मशीन काय करणार? त्याला हवा तापवता येते, गार करता येत नाही! म्हणून अशा दिवसांत घरातली सगळ्यात थंड खोली निवडायची.

आता आर्द्रता वाढवायची कशी? भांड्यात काठोकाठ पाणी भरून? नाही. वाफ होते ती पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावरून. खोल पेल्यात लिटरभर पाणी ओतलं तरी वाफ होणार ती पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेतूनच. त्यापेक्षा पसरट ताटलीत बोटभर पाणी ठेवा, आर्द्रता लगेच वर चढेल. अजून हवी? ताटलीत स्पंज उभा करा. तो पाणी शोषून घेतो आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी वाफ होते. कमी करायची असेल तर छोट्या तोंडाची वाटी ठेवा. पाणी घालताना कोमट घाला, म्हणजे आतलं तापमान एकदम उतरणार नाही.

अंड्यालाच विचारा

हायग्रोमीटर खोटं बोलू शकतो. स्वस्तातले तर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात. मग खरं कोण सांगणार? अंडं!

साधारण 60 ग्रॅमच्या अंड्यातून रोज 0.4 ग्रॅम पाणी जायला हवं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एवढा फरक दिसायचा नाही. युक्ती करा, दहा अंडी एकत्र तोला. 600 ग्रॅमची दहा अंडी, म्हणजे रोज 4 ग्रॅम घट. आठवडाभरात 28 ग्रॅम. आता दिसेल की नाही? घट यापेक्षा बरीच कमी झाली असेल, तर मशीनमधली हवा फार दमट आहे, भांडं छोटं करा. जास्त झाली असेल, तर हवा कोरडी आहे, ताटली मोठी करा. एक-दोन दिवस इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पुढच्या दिवसांत भरपाई करता येते.

दुसरी पद्धत आहे उजेडाची. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावा. हवेचा कप्पा उजळलेला दिसेल. त्याच्या कडेवर पेन्सिलने हलकी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. 7व्या, 14व्या आणि 18व्या दिवशी पुन्हा बघा. रेघा खाली खाली सरकत जातील. सातव्या दिवशी आत लाल रक्तवाहिन्यांचं जाळंही दिसतं. ज्या अंड्यात काहीच दिसत नाही, ते रिकामं. ते काढून टाकायचं आणि उरलेली अंडी नव्याने तोलून तो आकडा लिहायचा.

अंडी हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायला विसरायचं नाही.

अठराव्या दिवशी नियम उलटा

इतके दिवस आपण पाणी जाऊ देत होतो. 18व्या दिवशी सगळं उलटं! अंडी फिरवणं बंद. पसरट ताटली आत, आर्द्रता 65 ते 70 टक्के. मोठ्या व्यावसायिक हॅचरीत तर यासाठी दोन वेगळी यंत्रंच असतात. पहिले 18 दिवस अंडी ‘सेटर’मध्ये राहतात, मग ती ‘हॅचर’मध्ये हलवतात.

असं का? जायला हवं होतं ते पाणी आता गेलेलं आहे. आता काळजी आहे पापुद्र्याची. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक बारीकसा टणक उंचवटा असतो, आणि मानेच्या मागे या कामासाठी खास बळकट झालेला एक स्नायू. दोघांच्या जोरावर पिल्लू कवचाला पहिली चीर पाडतं. झालं, पापुद्र्याचा तुकडा उघडा पडला! बाहेरची हवा कोरडी असेल, तर ओला पापुद्रा सुकून चिवट होतो आणि पिल्लाच्या पिसांना घट्ट चिकटतो. मग पिल्लाला मान हलवता येत नाही, वळता येत नाही. हवा दमट असेल तर पापुद्रा मऊ राहतो आणि पिल्लू आतल्या आत गोल फिरत कवच कापत जातं.

पहिली चीर आणि बाहेर येणं, यात 12 ते 24 तासही जाऊ शकतात. एवढा वेळ ते आत करतं काय? पुष्कळ काही! उरलेला बलक पोटात ओढून घेणं, पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त अंगात घेणं, फुप्फुसांची सवय करणं. म्हणून ‘बिचारं अडकलंय’ म्हणत कवच सोलायला जाऊ नका. रक्त अजून पापुद्र्यातच असलं, तर तुमची मदत त्याच्या जिवावर बेतेल.

आणि मशीनचं झाकण? अजिबात उघडायचं नाही! झाकण वर केलं की दमट हवा क्षणात बाहेर पळते. ती पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो आणि चीर पडलेल्या अंड्यांचे पापुद्रे तेवढ्यात सुकायला लागतात. बघायचंय ना? मग आधीच खोक्याला काच लावून ठेवा.

काही हुशार डोकी म्हणतील, आर्द्रता वाढवायला हवेची भोकंच बुजवून टाकू! ही चूक करू नका. नेमकं याच वेळी पिल्लांना सगळ्यात जास्त प्राणवायू लागतो.

पहिलं पिल्लू ओलंचिंब बाहेर आलं की हायग्रोमीटरचा आकडा आपोआप चढतो, कारण त्याच्या अंगावरचं पाणी सुकून हवेत जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पिल्लू भुकेलं असेल का? नाही, पोटात घेतलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यांतून दूरदूरच्या गावी जातात, ती याच जोरावर. अंग सुकून पिसं फुलली की पिल्लांना उबदार खोक्यात हलवायचं. तिथे पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंशांची ऊब लागते, आणि पाणी व दाणे. अंडी मशीनमध्ये ठेवण्याआधीच घरच्यांशी बोलून ठरवा: मोठी झाल्यावर ही पिल्लं राहणार कुठे?

करून पाहा

मिठाची परीक्षा. तुमचा हायग्रोमीटर खरा की खोटा? बाटलीच्या झाकणात मीठ घ्या. त्यावर पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ ओलसर व्हायला हवं, विरघळून जायला नको. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पारदर्शक डब्यात ठेवून डबा रात्रभर तसाच राहू द्या. ओल्या मिठाच्या सोबतीने बंद डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. तुमच्या यंत्रावर 70 दिसले, तर ते 5 कमी दाखवतंय असं समजा आणि पुढे प्रत्येक वेळी 5 मिळवा.

भोकं शोधा. दुकानातलं अंडं चमच्याने गरम पाण्यात सोडा. (मोठ्यांना सोबत घ्या.) कवचावर बारीक बुडबुडे येतील. कुठल्या टोकाकडे जास्त?

दोन अंड्यांची शर्यत. दुकानातली दोन अंडी तोला. एक उघड्या वाटीत ठेवा, दुसरं ओलं फडकं घातलेल्या बंद डब्यात. फडकं अंड्याला लागू देऊ नका. दहा दिवसांनी पुन्हा तोला. कुठलं जास्त हलकं होईल, ते आधीच लिहून ठेवा. (ही अंडी नंतर खायची नाहीत!) सगळे आकडे तारखेसह वहीत ठेवा आणि तोच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा. उघड्या वाटीतल्या अंड्याचे आकडे दोन्ही वेळा अगदी सारखे आले, तर आधी वजनकाटा तपासा!